वर टीचर आहे

डायनिंग टेबलाच्या पलीकडच्या टोकाला बसून माझ्या पोराने करंगळी वर केली. मी आधी लक्षच दिलं नाही. एक डोळा त्याच्या पाटीवर, एक मोबाईलवर, स्टुडिओतून मेसेजवर मेसेज पडत होते. मग वाटलं, बोटाला काही लागलं असेल. "काय रे, काय झालं बोटाला?" म्हटलं तर बोलेना. हात ताठ, ओठ घट्ट मिटलेले, करंगळी तशीच पंख्याच्या दिशेने. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सुयोगला सू-सूला जायचं होतं आणि तो माझी परवानगी मागत होता. स्वतःच्या घरात! खुर्ची जरा मागे सरकवली तर बाथरूमच्या दाराला आपटते एवढं आमचं मरोळचं घर, आणि त्यात हा पाच वर्षांचा माणूस सख्ख्या आईसमोर करंगळी धरून बसलेला. हसावं की कपाळ बडवून घ्यावं तेच कळेना. आणि ह्याहून मोठी गंमत म्हणजे मी काय म्हणाले? "आधी तो म पुरा कर, मग जा." आपोआप आलं तोंडातून. त्याने म पुरा केला, गाठ, उभी रेघ, वरची रेघ, सगळं, आणि मग पळाला.

तो आत असेपर्यंत मला शीतल मिसचा असा काही राग आला म्हणून सांगू. शीतल मिस म्हणजे सुयोगची सीनियर केजीची टीचर, परवापरवापर्यंतची. पंचविशीची पोरगी, केसांना क्लचर, गळ्यात आयकार्ड, "फिंगर ऑन युवर लिप्स" हे एकच वाक्य जन्मभर पुरवून पुरवून वापरणारी. हिला कोणी शिकवायला ठेवली? हिला स्वतःला कोणी शिकवलं? अंधेरीतली ती शाळा, बाहेरून केक, आतून पोस्ट ऑफिस. त्या शाळेने माझ्या मुलाला काय दिलं तर ही करंगळी. बाकी काही नाही. नाही म्हणायला एक शेराही दिला होता. सुयोगने शो अँड टेलला घरातली छोटी बादली नेलेली, स्वतः निवडून, आणि सगळ्या वर्गासमोर म्हणाला होता, "धिस इज माय बकेट. इट इज गळकी." वर्ग हसला. मिसही हसली असणारच. आणि पुढच्या पॅरेंट्स मीटिंगला माझ्या हातात कार्ड आलं, त्यावर लाल पेनाने: मदर टंग इन्फ्लुएन्स, नीड्स अटेन्शन. आईच्या भाषेचा परिणाम झालाय पोरावर! जसा काही डेंग्यू झालाय. अगं बये, त्याच्यावर माझ्या भाषेचा नाही तर काय तुझ्या भाषेचा परिणाम होणार? तुला भाषा आहे का एक तरी धड?

हे मी मनात म्हणाले नाही. गेटवर म्हणाले, मोठ्याने, शाळा सुटायच्या वेळेला. तिथे रोज साडेबाराला आयांची जत्रा भरायची. एकीच्या हातात पाण्याची बाटली, एकीच्या हातात सोललेलं केळं, पोरगं बाहेर पडलं की पोराआधी दप्तराला मिठी. आणि सगळ्यांचा तोच प्रश्न, "आज काय केलं शाळेत?" आणि सगळ्या पोरांचं तेच उत्तर, "काही नाही." मी पण त्यातच उभी असायचे, नाही कशाला म्हणू, पण जरा बाजूला. ह्या बायकांशी बोलायचं काय? ट्यूशन कुठली लावली, टिफिनला काय दिलं, वजन वाढत नाही हो. त्या दिवशी मात्र सगळ्यांच्या माना माझ्याकडे. शीतल मिस आधी "मॅम, मॅम" करत राहिली, मग तिचं नाक लाल झालं, मग ओढणीने पुसलं. मला वाईट वाटलं नाही. सुयोग तिचा हात धरून उभा होता, कारण पालक समोर आल्याशिवाय मूल सोडायचं नाही असा त्यांचा नियम. पालक समोर येऊन ओरडत होता आणि मूल टीचरच्या हातात. त्यानंतर मी आणखी दोन-चारदा गेले. एकदा डब्यावरून, एकदा रेनकोटवरून, एकदा तर कशावरून ते आठवतही नाही. सोडत नाही मी. नाकाने कांदे सोलणारी म्हणतात मला सासरी, माझ्या कानावर आलंय ते. सोलते. नीट सोलते.

दिवाळीच्या सुट्टीचीही वाट न बघता शाळा सोडवली. ह्यापुढे घरीच शिकवणार, म्हटलं. सुशांतला, माझ्या नवऱ्याला, हे सांगितलं तेव्हा तो सॉक्स काढत होता. विमानतळाच्या कार्गोत आहे तो, दिवसभर दुसऱ्यांची खोकी कुठे गेली ते शोधतो, घरी आला की त्याला स्वतःचे सॉक्स सापडत नाहीत. "यार रुचिरा," म्हणाला, "तू ठरवलंच आहेस ना? मग मला काय विचारतेस?" हा त्याचा विरोध. एवढाच. मला लढायला समोर माणूस लागतो आणि माझ्या वाट्याला हा आलाय, उशीसारखा. कुठेही बुक्का मारा, परत फुगतो. त्याच्या वडिलांनीच तर पोराचं नाव ठेवलं. सासरे, गुणाजी, गिरणीत होते, गिरणी गेली, मग कितीतरी वर्षांनी इमारतीत खोली मिळाली, त्या इमारतीचं नाव सुयोग. बारशाला म्हणाले, ह्या नावाने आमचं भलं झालं, हेच ठेवा. सुशांत म्हणाला, ठेवूया. माझ्या मुलाचं नाव एका इमारतीवरून आहे, हे मी ऑफिसात कोणाला अजून सांगितलेलं नाही.

ऑफिस म्हणजे तो डबिंग स्टुडिओ, गोरेगावला. मी परदेशी कार्टून मराठीत आणते. एक जांभळा हत्ती आहे, तो मुलांना रंग आणि आकडे शिकवतो. हत्तीचं तोंड जितक्या वेळा उघडतं तितक्यात माझी शाबासकी बसली पाहिजे. "छान!" बसतं. "शाब्बास!" बसत नाही, एक उघडझाप जास्त होते. असल्या बिनडोक हत्तीच्या तोंडात मी गेली कित्येक वर्षं प्रेमळ मराठी भरतेय, महाराष्ट्रातली अर्धी पोरं माझ्या शाबासकीवर जेवतात, तर माझं स्वतःचं पोर मला शिकवता येणार नाही? काम घरूनही होतं, आठवड्यातून एकदा तोंड दाखवलं की झालं. तर मी म्हटलं, करूच. आणि असं करणाऱ्यांचा एक ग्रुप असतो, असणारच, हल्ली शिंक आली तरी ग्रुप असतो. त्यातल्या राधाने मला घरी बोलावलं. गोरेगाव पूर्वेला उंच टॉवर, त्यात हॉलभर लाकडी खेळणी, एकालाही रंग नाही, आणि तिची मुलगी गालिच्यावर आडवी पडून छताकडे बघत होती. "आज काय शिकवलंस हिला?" मी विचारलं. राधा इतकी शांत हसली की माझ्या अंगावर काटा आला. "आम्ही शिकवत नाही गं. आम्ही फक्त असतो." असतात म्हणजे काय? सोफे पण असतात. मग म्हणाली, "तूही लगेच सुरू करू नकोस. आधी त्याच्यातली शाळा उतरू दे. महिना-दोन महिने काहीच करू नको, नुसती आई राहा." मी चहा संपवला आणि निघाले. नुसती आई राहा म्हणे! उंटावरून शेळ्या हाकायला ह्यांचं काय जातं? ह्यांच्या मुली छताकडे बघूनसुद्धा परदेशी जाणार. आमच्याने छताकडे बघितलं तर त्याला ओल दिसेल.

म्हणून मी दसऱ्यालाच सुरुवात केली. सासूबाई, मालन त्यांचं नाव, मुद्दाम राहायला आल्या होत्या. त्यांनी पाटावर पाटी मांडली, सुयोगच्या मुठीत पेन्सिल दिली, त्याच्या हातावर आपला हात धरून एकेक एकचा आकडा काढत काढत सरस्वती उभी केली, फुलं वाहिली. पोरगं खूश. एकच्या आकड्यांची बाई झाली म्हणून टाळ्या वाजवत होतं. इथवर ठीक, बघायला बरं असतं हे. पण जेवणं झाल्यावर मी पाटी घेतली, ओल्या फडक्याने पुसली आणि त्यावर अ काढला, तेव्हा म्हातारी अशी दचकली की जणू काही मी देव्हाराच पुसला. "अगो, आज पाटयेक हात लावूचो नसता. सरस्वती बसली हा ना ती." मी म्हटलं, आई, सरस्वतीला शिकवलेलं आवडत नसेल तर तिने दुसरं खातं घ्यावं. त्यांनी वाहिलेली फुलं गोळा केली. मग थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता, "पोराक आजचो दिवस तरी खेळूक सोड. तेका कित्याक त्रास देतस?" मला हे असलं कळत नाही. एक दिवस देवीसाठी सोडायचा, एक दिवस आजीसाठी, एक दिवस पोटात दुखतंय म्हणून, आणि मग पोरगं कार्गोत चिकटतं. सुयोग कोरड्या होत चाललेल्या पाटीकडे बघत होता. "बाई कुठे गेली?" त्याने विचारलं. मी म्हटलं, गेली, आता अ म्हण.

माझ्या लहानपणी घाटकोपरला महापालिकेची शाळा होती आणि तिथे मी पहिल्या बाकावर बसायचे. न्यायला-आणायला कोणी यायचं नाही, आई कामावर, गळ्यात किल्ली. पण बाई मला मॉनिटर करायच्या. बाई बाहेर गेल्या की मी खडू घ्यायचे आणि बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहायचे. सगळा वर्ग श्वास धरून माझ्या खडूकडे बघायचा. कोणाला काही येत नसे. सोपी सोपी गणितं, तोंडी येणारी, आणि ती पोरं बोटं मोजत बसायची, ओठ हलवत. मला तेव्हा नाकातून हसू यायचं. नाकातून एक झुळूक सोडायची, ओठाचं एक टोक वर, झालं. बोलायची गरज नसे. बाईंना ते आवडायचं, त्या पण हसायच्या. खरं सांगू, मला अजूनही ते आवडतं. मीटिंगमध्ये कोणी मूर्खासारखं बोललं की मी तेच करते आणि समोरचा वाक्य अर्धवट सोडतो. एवढ्याशा गोष्टीवर माझं आयुष्य चाललंय, आणि चांगलं चाललंय.

तर सोमवारपासून वेळापत्रक. सकाळी आवरून टेबलाशी. अननसाचा अ मी पहिल्याच दिवशी हाकलला. रोज उठून अननस कोण खातं? अ अंधेरीचा, म मरोळचा, र रिक्षाचा, ग गळक्याचा. सुयोग हसला त्यावर, बादली आणून दाखवली मला. सोमवार चांगला गेला. मंगळवारी तो म आणि भ मध्ये अडकला. मी दाखवलं, परत दाखवलं. परत तेच. पालथ्या घड्यावर पाणी. मी ओरडत नाही हं, ते माझ्यात नाही, ओरडणाऱ्या आया मला अडाणी वाटतात. मी फक्त म्हणाले, "वा! काय हुशारी आहे!" तर तो खुदकन हसला. त्याला वाटलं, खरंच म्हणतेय. मी दुसऱ्यांदा म्हणाले, "झकास! असंच काढत राहा." तो आणखी खूश होऊन आणखी एक उलटा भ काढायला बसला, जीभ बाहेर काढून. मला असं झालं की हे पोर माझंच ना? बुधवारी पण तसंच. गुरुवारी मी "वा, काय हुशारी!" म्हणाले आणि तो हसला नाही. पाटी पुसली आणि मान खाली घातली. मला, खरं सांगते, क्षणभर समाधान वाटलं. म्हटलं, चला, उपरोध कळायला लागला. पाचव्या वर्षी. शाळेत कोणी शिकवलं नसतं हे. संध्याकाळी सुशांतला सांगितलं तर तो जेवता जेवता थांबला. "तू त्याला शिकवतेयस की त्याची ऑडिशन घेतेयस?" म्हणाला. पहिल्यांदाच काहीतरी धड बोलला असेल तो. मी नाकातून हसले आणि त्याने आमटी वाढून घेतली.

आणि आज शुक्रवार, आज ही करंगळी. तो बाथरूममधून आला, हात चड्डीला पुसले, जागेवर बसला, पाय हलवणं बंद. मी न सांगता बोट ओठांवर. "काढ ते बोट," मी म्हटलं, "ही काय शाळा आहे का?" त्याने बोट काढलं आणि माझ्याकडे बघितलं. ही शाळा आहे की नाही ते खरंच विचारत होता. मी पाटी पुसली. पुढचं अक्षर घेतलं. छ. छ अवघड असतो, कबूल आहे. त्याचा छ कुठल्या कुठे गेला आणि मी काही बोलले नाही, देवाशपथ एक शब्द नाही. फक्त नाकातून ती झुळूक गेली. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मग स्टुडिओचा फोन आला, हत्तीच्या एका वाक्यावर गाडी अडली होती, तोंड मिटतं तरी माझे शब्द उरतातच. "तू ही पाटी भर," सुयोगला म्हटलं आणि मी आतल्या खोलीत गेले, दार ओढून घेतलं. वाक्य होतं, चुकलं तरी हरकत नाही, पुन्हा करूया. ते मी "चुकू दे रे, पुन्हा करू" असं बसवलं, मग "असू दे, पुन्हा करू", मग आर्टिस्टला आवाज कसा लावायचा ते फोनवर म्हणून दाखवलं, मऊ, जरा हसरा. तिकडून सगळे म्हणाले, मॅडम, क्या बात है.

बाहेर आले तर खुर्ची रिकामी. "सुयोग?" बाथरूम रिकामं, गॅलरी रिकामी, आणि गॅलरी रिकामी बघताना खाली डोकावायला हिंमत होईना. डोकावले. खाली नुसत्या स्कूटर. मग दिसलं, घराचं दार उघडं. स्टुलावर चढून त्याने वरची कडी काढली होती. त्याचे शाळेचे काळे बूट जागेवर नव्हते, दप्तर खुंटीवर नव्हतं. लिफ्ट येईना, मी जिना उतरले, अनवाणी, तोंडाने काय काय बोलत होते मलाच माहीत नाही. बाहेर रस्ता, पलीकडे मेट्रोचे खांब, डंपर, रिक्षा. माझ्या पोराला रस्ता ओलांडता येत नाही. मी त्याला छ शिकवत होते.

तो सोसायटीच्या गेटच्या आतल्या बाजूला उभा होता. वॉचमन धोंडूकाकांच्या खुर्चीशेजारी, भिंतीला पाठ लावून, रांगेत असल्यासारखा. बूट उलटे घातलेले, पाठीवर दप्तर, गळ्यात पाण्याची बाटली. धोंडूकाका मला बघून उठलेच. "ताई, मी सोडलं नाही हां त्याला बाहेर. तो म्हणतो, शाळा सुटली, आई न्यायला येणारे. मी म्हटलं, अरे, आई तर वरच आहे ना तुझी. तर म्हणतो, नाही, वर टीचर आहे." आणि हसले, लहान मुलाची गंमत म्हणून. गेटवरच्या घड्याळात साडेबारा वाजून गेले होते. मला त्याच्या एक थोबाडीत द्यावी असं वाटलं, आणि त्याला छातीशी धरून तिथेच बसावं असं वाटलं, आणि ह्या दोन्हींतलं काहीच झालं नाही, कारण मला बघून सुयोगचं तोंड असं काही उजळलं की सोमवारपासून मी ते बघितलंच नव्हतं. तो धावत आला, दप्तर काढून माझ्या हातात कोंबलं आणि माझं बोट धरलं. "किती उशीर केलास!" म्हणाला.

मी सॉरी म्हणाले. धोंडूकाकांनी आपल्या चपला पुढे सरकवल्या, त्या घातल्या. आम्ही गेटबाहेर पडलो, फुटपाथने चालायला लागलो, बर्फाच्या गाडीवरून, टायरवाल्यावरून. मग तेच आलं तोंडात, बाकी सगळ्या आयांसारखं. "आज काय केलं शाळेत?"

"काही नाही," सुयोग म्हणाला.

थोडं पुढे गेल्यावर म्हणाला, "छ काढला. चुकला."

"मग टीचर ओरडली?"

"नाही." तो विचार करत होता. "ओरडत नाही ती. हसते."

"मग चांगलंय की."

"अशी हसते," म्हणाला, आणि थांबून, मान जराशी वाकडी करून त्याने नाकातून झुळूक सोडली, ओठाचं एक टोक वर. मी रोज माणसांकडून आवाज काढून घेते, दहा-दहा टेक लागतात. त्याला एकात जमलं. फुटपाथवर, दुपारी, माझं तोंड माझ्याकडे बघत होतं, एवढंसं, घामेजलेलं, आणि मला कळलं की ह्या तोंडासमोर मी एक अक्षरसुद्धा काढू शकले नसते.

"तिला मी आवडत नाही," सुयोग म्हणाला. तक्रार नव्हती. बूट चावतोय हे जसं सांगतो तसं सांगितलं.

मी खाली वाकले, उगाच त्याचे बूट सरळ घालायला, उजवा काढला, डावा काढला, रस्त्याकडे पाठ करून. "मी येऊन बोलू का तिच्याशी?" मी विचारलं. "उद्या. चांगली झापते तिला. हं?"

त्याचा हात माझ्या खांद्यावर होता, तो एकदम घट्ट झाला.

"नको!" म्हणाला. "तू बोललीस ना, की मग ती मलाच जास्त हसते. शीतल मिस पण तसंच करायची. तू कोणाला काही बोलू नको आई." मग खाली वाकून, कोणालाच ऐकू जाणार नाही इतक्या हळू, माझ्या कानात म्हणाला, "तू फक्त लवकर ये."